गोळी तीच, मग साखर का वाढली?



अंबरनाथला माझा छोटा दवाखाना आहे. संध्याकाळी मुंबईकडून येणाऱ्या लोकल रिकाम्या होऊ लागल्या की माझी बाकडी भरू लागतात. काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी बदलापूरहून एक जोडपं आलं. चाचा तेव्हा बावन्न वर्षांचे, इथल्या एमआयडीसीत पाळीवर काम करणारे. चाचींच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सात वर्षांचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले.

"डॉक्टरबाई, यांना तुम्हीच समजवा. चोरून गोड खातात. घरी बिनसाखरेचा चहा पितात, कारखान्यात काय काय खातात अल्लाह जाणे."

चाचा जमिनीकडे बघत म्हणाले, "खात नाही गं. किती वेळा कसम खाऊ?"

मी रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए-वन-सी तपासणीचे आकडे असे होते: ६.९, मग ७.३, मग ८, आणि आता ८.८. सुरुवातीपासून गोळी एकच. डोसही तोच.

त्या दिवशी मी जे बोलले ते आज मला आठवायला आवडत नाही. मी म्हणाले, "चाचा, पथ्य पाळलं असतं तर आकडा वाढला नसता." डोस वाढवला, तीन महिन्यांनी या म्हणाले. चाचांनी मान हलवली.

त्यानंतर दीड वर्ष ते आले नाहीत. मधे एकदा चाची तापासाठी आल्या तेव्हा विचारलं. म्हणाल्या, "नको म्हणतात. पुन्हा ओरडा कोण खाणार?" गोळी मात्र चालू होती. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणत होते आणि मुलीने घरातल्या साखरेच्या डब्याला कुलूप लावलं होतं.

दीड वर्षानंतर आले ते लंगडत. कारखान्यातल्या जाड बुटाने करंगळीला घासलं होतं. पायाची जाणीव कमी झाल्यामुळे जखम चिघळेपर्यंत कळलंच नाही. आकडा ११ च्या वर गेला होता. पाय वाचला, करंगळी गेली.

त्या करंगळीचा थोडा हिशेब माझ्याही नावावर आहे. चाचा खरंच गोड खात नव्हते. त्यांची साखर का वाढत गेली, हे मी त्या गुरुवारी पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं असतं, तर ते लाजून घरी बसले नसते. ते तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आज तुम्हाला सांगते.

पंप थकत जातो

आपल्याकडच्या इमारतींत पाण्याची मोटर सगळ्यांनी पाहिली आहे. पाइप स्वच्छ असेल तर मोटर आरामात पाणी चौथ्या मजल्यावर चढवते. पाइपात क्षार साठले की तेवढ्याच पाण्यासाठी तिला जास्त जोर लावावा लागतो. काही वर्षं ती हे निभावते, वरच्या मजल्याला काही कळत नाही. मग हळूहळू मोटरच थकते.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. इन्सुलिन रक्तातली साखर स्नायूंमध्ये आणि इतर पेशींमध्ये पोचवतं. वय वाढतं, पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठते, स्नायू कमी होतात, तसं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. हा झाला तुंबलेला पाइप. मग बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवतात. वर्षानुवर्षं रिपोर्ट नॉर्मल येतो, कारण मोटर जास्त जोर लावत असते. ती थकू लागली की साखर चढते आणि आपण म्हणतो, "मला शुगर झाली." खरं तर आतली झीज त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

आणि ही झीज निदानानंतर थांबतेच असं नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली टाइप २ मधुमेहावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. नुकतंच निदान झालेले ५,१०२ रुग्ण त्यात होते आणि तो वीस वर्षं चालला. त्यात दिसलं की निदानाच्या दिवशीच इन्सुलिन बनवण्याची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते आणि पुढेही ती घटत राहते. कोणाला फक्त आहार सांगितला होता, कोणाला गोळ्या, कोणाला इन्सुलिन. सगळ्याच गटांत पहिल्या वर्षी साखर खाली आली आणि नंतर वर्षागणिक चढत गेली. एकाच औषधावर असलेल्यांपैकी तीन वर्षांनी जवळपास निम्म्यांची एचबीए-वन-सी ७ च्या खाली होती. नऊ वर्षांनी असे लोक साधारण पाव उरले.

म्हणजे सात वर्षं एकाच गोळीवर असलेल्या चाचांचा आकडा वाढला, हे नवल नव्हतं. आम्ही कोणीच औषध बदललं नाही, ही खरी चूक होती.

याचा अर्थ पथ्याला किंमत नाही असा कृपा करून काढू नका. गोड, मैदा, तळलेलं आणि बैठं काम यांनी ही झीज वेगाने होते. चालणं आणि वजन उतरवणं यांनी ती मंदावते. पण पथ्य पाळूनही साखर वाढू शकते. म्हणून घरातल्या माणसावर चोरीचा आळ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: औषध बदलायची वेळ आली आहे का?

आकडा अचानक वर गेला तर मात्र वेगळी कारणं शोधावी लागतात. लपलेलं इन्फेक्शन असेल, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टेरॉइड असेल. साखर वाढतेय आणि वजन विनाकारण झपाट्याने उतरतंय, तर अजिबात थांबू नका.

"आमच्यात कोणी जाडं नाही"

हे वाक्य मी रोज ऐकते. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी टिकून असलेली.

याच डॉ. याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा दोघांचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखेच.

म्हणून आपल्याला वजनापेक्षा कमरेचं माप जास्त सांगून जातं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल, तर माणूस बारीक दिसत असला तरी तपासून घ्यावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशभरातली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आपल्या पट्ट्यातलं रोजचं जगणं यात भर घालतं. बदलापूर ते सीएसएमटी हे ६८ किलोमीटर. सकाळी चहा-खारीवर गाडी पकडायची, दुपारी वडापाव, रात्री दहाला घरी आल्यावर पोटभर भात आणि लगेच झोप. उल्हासनगरात जीन्स शिवणारा माणूस दिवसचे दिवस मशीनवरून उठत नाही. अंबरनाथला पाळी बदलते तशी झोप बदलते, आणि झोप मोडली की शरीर इन्सुलिनला आणखी कमी दाद देतं. चाळिशीनंतर हे सगळं अंगावर निघतं.

आकडे ओळखा, तपासण्या चुकवू नका

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए-वन-सी ५.७ ते ६.४, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर, अथवा एचबीए-वन-सी ६.५ किंवा त्यावर, म्हणजे मधुमेह. काही त्रास नसेल तर एकदा पुन्हा तपासून खात्री करतात. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए-वन-सीचा आकडा फसवू शकतो. आपल्या बायकांमध्ये हे नेहमीचं आहे, म्हणून जोडीला हिमोग्लोबिनही बघावं.

मधुमेह असेल तर एचबीए-वन-सी दर तीन महिन्यांनी, आकडा स्थिर असेल तर सहा महिन्यांनी करावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, किडनीची रक्ततपासणी आणि पायाची जाणीव पाहून घ्यावी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ सुद्धा, कारण ते या गोळीने कमी होऊ शकतं आणि मग हातापायांना मुंग्या येतात. पाय मात्र रोज बघायचे. वुजू करताना पाय धुतोच, तेव्हा बोटांच्या बेचक्यात नजर टाकायची आणि ती जागा कोरडी करायची. चाचांची जखम अशी पहिल्या दिवशीच दिसली असती.

यासाठी खिसा मोठाच हवा असं नाही. उल्हासनगरला कॅम्प ३ मध्ये सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणं हे सरकारी कार्यक्रमातच आहे. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

इन्सुलिनचं भय

करंगळीच्या ऑपरेशननंतर चाचांना रात्री एक इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. चाचा नाही म्हणाले. पहिलं कारण, "इन्सुलिन म्हणजे शेवट." दुसरं, "एकदा लागलं की सुटत नाही." तिसरं त्यांनी चाची बाहेर गेल्यावर हळूच सांगितलं, "ते डुकरापासून काढतात ना?"

तिसऱ्या शंकेचं उत्तर आधी. पूर्वी इन्सुलिन खरोखरच डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. पण १९८२ साली जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. आज आपल्याकडे सर्रास मिळणारं इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने बनतं. शंका असेल तर औषधवाल्याला विचारा, खोक्यावर वाचा. मनात शंका ठेवून औषध टाळणं सगळ्यात वाईट.

व्यसनाचं म्हणाल तर जे अंगात बनायचं ते कमी पडतंय, म्हणून बाहेरून देतो. इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा खूप चढलेली साखर यासाठी दिलेलं इन्सुलिन नंतर कित्येकांचं बंदही होतं. आणि शेवट? टोरांटोला १९२२ च्या जानेवारीत इन्सुलिन पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. त्याआधी असली मुलं थोड्याच काळात दगावत. तेव्हापासून या औषधाने माणसं जगवली आहेत. आपल्याकडे इन्सुलिन घेतल्यावर माणूस गेला असं दिसतं, कारण आपण दहा वर्षं उशिराने घेतो.

रमजान जवळ आला की

२००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. टाइप २ च्या रुग्णांमध्ये रमजानच्या महिन्यात साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या साडेसातपट झालं होतं. जसजसा आजार जुना होतो, औषधं वाढतात, तसतसा हा धोकाही वाढतो. दहा वर्षांपूर्वी तुम्हाला रोजे सहज जमले, म्हणून यंदाही तीच गोळी त्याच वेळी घेऊन जमतील असं धरू नका.

रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस आणि वेळ बदलावी लागते. ते मनाने करू नका. सहरी टाळू नका, ती जितकी उशिरा तितकी बरी. इफ्तारला एक-दोन खजूर पुरे, लाल सरबत आणि भजी रोज नकोत. रोजात साखर तपासायला बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असंच उलेमा साधारणपणे सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, घाम सुटला, हात थरथरले, भान हरपल्यासारखं झालं, तर रोजा तिथेच सोडायचा. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिली आहेच. ज्यांना डॉक्टरांनी रोजे नको सांगितले, त्यांनी आपल्या आलिमांना विचारून पुढचं ठरवावं. घरच्यांनीही अशा माणसाला दुपारी जेवताना टोचून बोलू नये.

चाचींचा रिपोर्ट

पुढच्या भेटीत मी चाचींना सहज विचारलं, "तुमची साखर कधी तपासली?" त्या हसल्या. "मला काय झालंय?" मग बोलता बोलता निघालं की धाकट्या मुलीच्या वेळी गरोदरपणात त्यांची साखर वाढली होती. बाळंतपणानंतर उतरली, म्हणून सगळे विसरले. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, आणि बाळंतपणानंतरही त्यांनी अधूनमधून तपासत राहायचं असतं. चाचींची उपाशीपोटी साखर ११८ निघाली.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मी यांना चोर म्हणत होते."

उंबरठ्यावरच्या माणसाच्या हातात पुष्कळ असतं. चेन्नईच्या एका अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त आहार आणि चालणं नीट सांगितलं, तर मधुमेहाकडे जाण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी घटलं, आणि तेवढाच फायदा गोळीने झाला. ज्यांना मधुमेह होऊन फार वर्षं झालेली नाहीत, त्यांच्यापैकी काहींची साखर भरपूर वजन उतरवल्यावर औषधाशिवायही ताब्यात राहते. आणि त्या ब्रिटिश अभ्यासातल्या लोकांवर पुढे आणखी दहा वर्षं नजर ठेवली, तेव्हा सुरुवातीला साखर नीट सांभाळलेल्यांना त्याचा फायदा त्यानंतरही मिळत राहिलेला दिसला.

आता त्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप नाही. वेगळं पथ्याचं जेवणही नाही, सगळ्यांना एकच. तांदळाच्या तीन भाकऱ्यांऐवजी एक भाकरी, मच्छी तळण्याऐवजी बहुतेक वेळा कालवण, ताटात आधी भाजी आणि काकडी. ईदला शीरखुर्मा होतो, छोट्या वाटीत. चाचांची पाळी नसेल त्या दिवशी दोघं लवकर जेवतात आणि वीस मिनिटं चालून येतात. चाचांना नवे मऊ बूट घेतले आहेत. मागच्या वेळी त्यांचा आकडा ७.४ होता. पुन्हा कधीतरी वाढेलही. तेव्हा काय करायचं हे आता दोघांना ठाऊक आहे: पिशवी उचलायची आणि दवाखान्यात यायचं.

तुमच्या घरातही अशी पिशवी असेल. आज रात्री ती काढा, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि आकडा कुठल्या बाजूला चालला आहे ते बघा. शेवटचा रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर याच आठवड्यात तपासणी करून घ्या. आणि घरात चाळिशीच्या पुढची जी बाई "मला काय झालंय" म्हणते, तिलाही बरोबर न्या.

खुदा हाफिज.